जाऊबाईंना मी रिकव्हरीत ठेवलं

आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला शहाणी समजायला नको. माझ्या थोरल्या जाऊबाईंचा आवाज मी घरच्या कॉम्प्युटरच्या रिकव्हरी नावाच्या कप्प्यात ठेवला. तो कप्पा तुडुंब भरला. भरल्याचं मशीनने मला वारंवार सांगितलं आणि मी ते एकदाही न वाचता बटण दाबून मोकळी झाले. त्यात जे हरवलं ते नेमकं ऐकायचं राहिलेलं होतं.

हे काही वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हाची मी म्हणजे काय बाई होती, आज आठवलं तरी दोन फटके द्यावेसे वाटतात. नोकरीतून नुकती निवृत्त झालेली, गळ्यात चष्म्याची दोरी, आणि लोणावळ्याच्या बाजारातल्या एका क्लासात महिनाभर कॉम्प्युटर शिकून आल्याचा ताठा असा, की भाजीवालीसमोरसुद्धा ‘डेटा’ हा शब्द वापरायची. त्या क्लासात सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “सी ड्राइव्हमध्ये काही ठेवायचं नाही. सी मशीनचा. कधीतरी दुकानवाला फॉरमॅट मारतो आणि सीमधलं सगळं जातं. आपलं सामान नेहमी डीमध्ये.” हे आपल्याकडे प्रत्येक क्लासात शिकवतात आणि दुकानात सुटे भाग जोडून जुळवलेल्या मशीनला ते लागूही पडतं. मी ते आईने शिकवलेल्या वंदनेसारखं पाठ केलं.

मुलाने मात्र जुळवलेलं मशीन आणलं नव्हतं. बंगळुरूला जाण्याआधी त्याने कंपनीचा, खोक्यातून निघालेला कॉम्प्युटर टेबलावर मांडला आणि “आई, यात सगळं आहे” म्हणून निघून गेला. मी डी शोधला. डी होता. त्याच्यापुढे इंग्रजीत लिहिलेलं होतं, रिकव्हरी.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. माझी सगळी नोकरी देहूरोडला एका दवाखान्यात परिचारिका म्हणून झाली आणि त्यातली निम्मी रिकव्हरी रूममध्ये. ऑपरेशन झालेला माणूस शुद्धीवर येईपर्यंत त्या खोलीत असतो. तिथे कुणाला एकटं सोडत नाहीत. नाडी बघ, श्वास बघ, हाक मारून बघ, जीभ मागे पडली का बघ. नातेवाइकांना दाराबाहेर थोपवून मी मोठ्या ऐटीत सांगायचे, “पेशंट रिकव्हरीत आहे, काळजी करू नका.” अख्ख्या दवाखान्यात माणूस सगळ्यात सांभाळून कुठे ठेवत असतील तर तिथे. तेव्हा कंपनीने डीला हेच नाव दिलंय म्हटल्यावर मला वाटलं, आत एक सिस्टर बसवलेली असणार. माझ्यासारखीच, डोळ्यात तेल घालून.

हसा. मीही हसते. पण राग माझ्या मूर्खपणाचा थोडा आणि त्या नावाचा जास्त येतो. ज्या कप्प्यात घरच्या माणसाने एक चमचासुद्धा ठेवायचा नाही, तो घरच्या माणसासमोर असा उघडा ठेवायचा आणि वर त्याला ‘बरं होणं’ असं नाव द्यायचं. रिकव्हरी कुणाची? तर मशीनची. मशीन आजारी पडलं तर त्याला पुन्हा खोक्यातून काढल्यासारखं करण्यासाठी लागणारं त्याचं स्वतःचं औषधपाणी तिथे भरून ठेवलेलं असतं. माणसांसाठी तिथे जागाच नसते. आमच्या दवाखान्यात औषधांच्या कपाटाला कुलूप असायचं आणि वर लाल अक्षरात लिहिलेलं असायचं, कर्मचाऱ्यांशिवाय हात लावू नये. एवढं लिहायला कंपनीचं काय जात होतं?

असो. आता जाऊबाईंकडे येते.

जाऊबाई माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या. मी या घरात आले तेव्हा सासूबाई नव्हत्या, त्यामुळे सासूपणाही त्यांच्याकडेच होता. त्या मला आजतागायत ‘धाकटे’ म्हणतात. खंडाळ्याला घाटाच्या कडेला त्यांची कणसांची गाडी होती. पावसाळ्यात मुंबईची माणसं धुक्याकडे तोंड करून उभी राहायची आणि जाऊबाई त्यांच्या पाठीला आवाज द्यायच्या. आवाज काय होता. विहारात पौर्णिमेला वंदना सुरू झाली की पहिल्या ओळीला सगळ्या बायका असायच्या आणि दुसऱ्या ओळीला फक्त जाऊबाई. पुढे बसलेले भंतेजीसुद्धा मग त्यांच्याच चालीने जायचे.

आणि भांडायच्या. शिव्या देणं वेगळं, भांडणं वेगळं, जाऊबाई दोन्ही करायच्या, पण गिऱ्हाईक गाडीसमोरून हलायचं नाही. एकदा चांगल्या कपड्यांतल्या एका मुलीने विचारलं, “आजी, ये ऑर्गॅनिक है क्या?” जाऊबाई निखारे फुंकत म्हणाल्या, “कनीस हाय. खायाचं तर खा, न्हाईतर फोटू काढ अन् सरक तिकडं, मागं मानसं उबी हायेत.” मुलीने दोन कणसं खाल्ली.

त्यांचा घसा बसला तेव्हा धुराने बसला असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. मी परिचारिका, मीही सोडून दिलं. या गोष्टीचा राग मी इथे काढत नाही, कारण तो काढायला बसले तर कॉम्प्युटरचा राहून जाईल. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि समोर बसवून सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. डॉक्टर हे पावसाची शक्यता सांगावी तसं, पण खाली मान घालून सांगत होते. जाऊबाईंनी मला विचारलं, “म्हंजी मुकी?” मी हो म्हटलं. त्यांनी डॉक्टरांना नखशिखांत पाहिलं आणि म्हणाल्या, “माजा गळा कापनार तुमी, अन् त्वांड तुमचंच पडलंय.”

मला घरी येताना एकच सुचलं. हा आवाज भरून ठेवायचा.

सांगितलं असतं तर त्यांनी भरू दिला नसता. यंत्रासमोर बोला म्हटलं की जाऊबाई तोंड शिवायच्या. नातवाच्या बारशाला कुणीतरी माइक पुढे केला होता, तर “आलेल्यांनी जेवून जावा” एवढंच म्हणाल्या होत्या. म्हणून मी चोरून करायचं ठरवलं. माझ्या फोनमध्ये नुसता आवाज भरायची सोय कुठे असते ते मला सापडेना. कॅमेरा सापडत होता. मग मी व्हिडिओ चालू करायची, फोन मांडीत पदराखाली उपडा ठेवायची आणि जाऊबाईंना डिवचायची.

“बाई, तुमच्या आमटीत हल्ली मीठ फार असतं.”

“माज्या आमटीत मीठ हाय, तुज्या आमटीत पानी हाय. तुज्या हाताला चव असती तर मामंजींनी दोन्ही येळंला ताट माज्याकडं मागितलं नसतं.”

“मागायचे कुठे, तुम्हीच ओढून न्यायच्या.”

“व्हय, ओडत हुते. म्हातारा उपाशी मरंल म्हनून ओडत हुते.”

असं चालायचं. घसा खरखरत होता तरी चढ तोच. माझ्याकडे जमा झालं ते सगळं काळंकुट्ट चित्र आणि त्यातून येणारी भांडणं. पदराचा अंधार चित्रित करायला केवढी जागा लागते हे मला ठाऊक नव्हतं. अंधार बघायला काही नसलं तरी मशीन तो पूर्ण मापाने मोजतं, हे मला पुढे दुकानवाल्याने सांगितलं, ते ऐकून मी त्याच्यावरच चिडले.

सगळ्यात चांगलं भांडण उर्श्याच्या टोलनाक्यावरचं आहे. ऑपरेशनसाठी पुतण्याच्या गाडीतून त्यांना पुण्याला नेत होतो. नाक्यावर गाडीच्या काचेवरचा स्टिकर यंत्राला वाचता येईना. गाडी पुढे घे, मागे घे, मागचे हॉर्न वाजवताहेत. जाऊबाईंनी खिडकी खाली केली आणि नाक्यावरच्या माणसाला बोलावलं, “ए भाऊ, हितं ये. ह्या गाडीत गळा कापून घ्यायला चाललेली बाई बसलीया. तुज्या यंत्राला वाचता येत न्हाई तर तू वाच की. शाळंत गेलतास का न्हाई?” तो गोंधळला आणि खरंच वाकून वाचायला लागला. मागच्या गाडीचा हॉर्न थांबला. फोन माझ्या मांडीत होता. हे भांडण आलं याचा मला तेव्हा इतका आनंद झाला, की आपण कुठे चाललोय ते दोन मिनिटं विसरले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात मी त्यांच्या खाटेशी बसले होते. फोन मांडीत. मी काहीतरी डिवचायला तोंड उघडलं तर जाऊबाईंनी हात पुढे केला.

“आन ती मांडीतली वस्तू.”

“कुठली वस्तू, बाई?”

“मला येडी समजतीस व्हय? लय दिस झालं बगतीया. तू आलीस की पदराखाली फोन उपडा ठिवतीस अन् मला उकरतीस. आन हिकडं. चालू करून दे अन् भायेर जा.”

मी चालू करून दिला आणि बाहेर गेले. दाराला काचेचा लांबट तुकडा होता, त्यातून पाहिलं. पाहायला नको होतं, पण सगळा जन्म मी अशाच काचेतून पेशंट बघितलेत. जाऊबाईंनी फोन दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला होता. एरवी त्या बोलायला लागल्या की हात वाऱ्यावर असतात. तेव्हा नव्हते. बराच वेळ बोलत होत्या. मग त्यांनी फोन पांघरुणावर ठेवला आणि मला खुणेने आत बोलावलं.

“आत्ता न्हाई ऐकायचं,” म्हणाल्या. “माजा गेल्यावर ऐक.”

मी आवाजाबद्दल बोलताहेत असं धरून चालले. आवाज की जीव, ते विचारलं नाही.

त्याच दिवशी दुपारी कपडे आणि कागदपत्रं आणायला मी घरी आले. फोन सारखा कुरकुरत होता, जागा नाही, जागा नाही. उद्या रिपोर्टांचे फोटो काढायचे, मुलाला पाठवायचे, फोन रिकामा हवा. मी फोन कॉम्प्युटरला जोडला, सगळे व्हिडिओ एकदम धरले आणि डीमध्ये टाकले. हिरवी पट्टी सरकायला लागली. मी पिशवी भरायला गेले.

आता डीची अवस्था काय होती तेही सांगते. त्याच्या नावाखाली कधीपासून लाल पट्टी होती. त्याआधी मी तिथे लग्नाचे अल्बम, मुलाच्या शाळेचे फोटो, भाचीच्या साखरपुड्याचा व्हिडिओ, दिसेल ते आणून टाकलं होतं. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातून एक चौकोन पुन्हापुन्हा वर यायचा. इंग्रजीत काहीतरी, रिकव्हरी वगैरे. मी फुलीवर टिचकी मारायची, तो जायचा, चहा होईपर्यंत परत यायचा. लाल पट्टी बघून मला वाटायचं, वॉर्ड भरलाय. भरू दे. आमच्या दवाखान्यात खाटा भरल्या म्हणून आम्ही कधी पेशंट परत पाठवला नाही. दोन खाटांच्या मध्ये गादी टाकायची, त्यावर घ्यायचा. मशीनही कुठेतरी गादी टाकेल.

पिशवी भरून आले तर पट्टी थांबलेली आणि मध्यभागी एक मोठा चौकोन. तीन बटणं. मला पुण्याची गाडी गाठायची होती. इंजेक्शन देताना मी बाटलीवरचं नाव तीनदा वाचत असे, भरताना, भरून झाल्यावर, टोचण्याआधी. नव्या मुलींना त्यासाठी रडवलंय मी. आणि त्या दिवशी मी मधलं बटण दाबलं. स्किप, म्हणजे हे वगळ. चौकोन नाहीसा झाला, पट्टी नाहीशी झाली, मला वाटलं झालं काम. मग फोनमधले सगळे व्हिडिओ निवडले आणि पुसून टाकले. नीट, व्यवस्थित, एकही न ठेवता. मागची साफसफाई करायची सवय ना.

ऑपरेशन चांगलं झालं. जाऊबाई रिकव्हरी रूममध्ये होत्या तेव्हा मी दाराबाहेर होते. आतली पोरगी येऊन मला म्हणाली, “मावशी, काळजी करू नका.” मला तिचा काय राग आला होता.

गळ्याला भोक, त्यातून श्वास, आणि शांतता. जाऊबाई घरी आल्या. त्यांचं लिहिणं सहीपुरतं. कुणीतरी पाटी आणून दिली तर त्यांनी ती खिडकीतून अंगणात फेकली. पाटीला काही झालं नाही, पण कोंबडी लंगडायला लागली. मी त्यांना भेटायला जायची तेव्हा त्या कानाला हात लावून माझ्याकडे बघायच्या. म्हणजे, ऐकलंस का? मी मान हलवून नाही म्हणायची. आणखी थोडं थांबून ऐकते, असा हात करायची. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. एकदा ऐकलं की ऐकायचं काही शिल्लक राहणार नव्हतं.

शेवटी एका सकाळी भांडी आवरली, टेबलाशी बसले आणि डी उघडला. आमटी होती. कणसं होती. टोलनाका होता. त्याच्यापुढे काही नव्हतं.

मी वर शोधलं, खाली शोधलं. सीमध्ये जाऊन शोधलं, जिथे जायचं नाही म्हणून शिकवलं होतं. फोनमध्ये शोधलं. तेवढ्यात उजव्या कोपऱ्यातून तो चौकोन वर आला. या वेळी मी चष्मा लावून अक्षर अन् अक्षर वाचलं. रिकव्हरी ड्राइव्हवर जागा संपत आली आहे. इतकंच. किती दिवस तो हेच सांगत होता. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याला कान नाही म्हणून आणखी संताप आला.

मुलाला फोन लावला.

“आई, रिकव्हरी ड्राइव्हमध्ये कुणी फाइली ठेवतं का?”

“मी ठेवते. नाव बघून ठेवल्या.”

“अगं, नावावरूनच कळतं ना, की ते सिस्टीमचं आहे.”

“तुला कळतं तर मशीन मांडलंस त्या दिवशी तुझ्या तोंडाला काय झालं होतं? ‘यात सगळं आहे’ म्हणालास.”

तो हळू आवाजात म्हणाला, “बरं, आता आधी तिथलं जुनं डिलीट करून टाक, म्हणजे जागा होईल.”

“जुनं म्हणजे काय? त्यात मोठी काकू आहे.”

“मोठी काकू डीमध्ये?”

“हो. आणि मशीनचं मला काही पुसायचं नाही, ते तरी राहू दे त्याचं. मला कोणतं माझं आणि कोणतं त्याचं तेच कळत नाही आता.”

त्याने दुकानात ने म्हणून सांगितलं. मी मशीनचा डबा चादरीत गुंडाळला, रिक्षात मांडीवर घेतला आणि बाजारात गेले. दुकानवाला मुलाच्या वयाचा, पण माझ्याशी असा ओरडून बोलत होता जणू आवाज माझा गेलाय आणि कानही.

“आजी, काय प्रॉब्लेम आहे?”

“रिकव्हरी भरलीय.”

“काही नाही, रिकव्हरी मारून देतो. मशीन एकदम नवं होईल. बॅकअप आहे ना तुमचा?”

आता मला बॅकअप म्हणजे जपून ठेवलेलं एवढं ठाऊक होतं. मी म्हटलं, “आहे. सगळं रिकव्हरीत आहे.”

“मग झालं,” म्हणाला आणि वायरी जोडायला लागला.

तो मशीन चालू करून एक निळा पडदा आणून त्यावरचं बटण दाबणारच होता, तेवढ्यात मी त्याचा हात धरला. थिएटरला माणूस निघाल्यावर मी कित्येकदा स्ट्रेचर थांबवून हातावरची नावाची पट्टी वाचलीय. तसं मी विचारलं, “दादा, नवं होईल म्हणजे काय? आतलं जुनं कुठे जाईल?”

“जुनं जाईल ना आजी. त्याशिवाय नवं कसं होणार?”

मी बोर्डातून वायर उपटली. त्याचा शेजारचा प्रिंटरही बंद पडला, तिथे कुणाचीतरी आधार कार्डं छापली जात होती. दुकानात रांग होती. मी त्या रांगेसमोर जे बोलले ते मला वाटतं जाऊबाईंनाही पटलं असतं. म्हटलं, “तुमच्या एकाच शब्दाचे किती अर्थ? दवाखान्यात रिकव्हरी म्हणजे माणूस सांभाळायचा. कंपनीने रिकव्हरी लिहिलं म्हणजे माणसाने फिरकायचं नाही. तू रिकव्हरी मारतोस म्हणजे सगळं पुसून टाकतोस. मारायचीच असेल तर तिला दुसरं नाव द्या. आणि मी बहिरी नाही, हळू बोल.”

तो खरंच हळू बोलायला लागला. रांगेतल्या एका बाईने मला स्टूल दिलं. मग मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं, पदर आणि टोलनाक्यासकट. त्याने एक पेन ड्राइव्ह लावला, डीमधलं माझं सामान एकेक करून त्यात घेतलं, पुन्हा दुसऱ्या पेन ड्राइव्हमध्ये घेतलं, दोन्हीतून आवाज लावून दाखवला. दुकानभर जाऊबाई मीठ आणि पाण्यावरून बोलायला लागल्या. कुणी हसलं नाही, एकजण हसला, त्याला मी हसू दिलं. मग त्याने माझं तेवढं डीमधून काढलं, मशीनचं मशीनला ठेवलं, आणि लाल पट्टी गेली. पुन्हा तिथे काही ठेवायचं नाही म्हणून सांगितलं. मी म्हटलं, पुन्हा तिथे मी थुंकणारही नाही.

“आणि शेवटचं?” मी विचारलं.

फोन घेऊन तो बसला. पुसलेलंसुद्धा कधीकधी परत मिळतं म्हणाला. त्यालाही हे लोक डेटा रिकव्हरीच म्हणतात. बराच वेळ एक चक्र फिरत राहिलं. शेवटी त्याने फोन काउंटरवर माझ्याकडे वळवून ठेवला.

“आजी, पुसल्यावर लगेच आला असतात तर कदाचित मिळालं असतं. तुम्ही फोन वापरत राहिलात. त्या जागेवर नवं बसलं.”

“काय बसलं?”

त्याने फोटो उघडून दाखवले. ऑपरेशननंतरचे रिपोर्ट. औषधांच्या चिठ्ठ्या. सलाइन लावलेल्या जाऊबाई, तोंड मिटलेल्या. मुलाला रोज पाठवायला मी काढत होते ते.

मी रिक्षा केली नाही. डबा दुकानातच राहू दिला, उद्या नेते म्हटलं आणि बाजारातून चालत निघाले. चिक्कीच्या दुकानांसमोर बसमधून उतरलेली माणसं उभी होती, ती मला ओलांडता येईनात. कुणाचा राग करावा तेच ठरेना. कंपनीचा केला. क्लासातल्या सरांचा केला, डीमध्ये ठेवा म्हणून ऐटीत सांगणाऱ्या. मुलाचा केला. मग त्या बाईचा केला, चष्म्याची दोरी घातलेल्या, पिशवी खांद्याला लावून मधलं बटण दाबणाऱ्या. तिला घाई कसली होती? गाडी नंतर दुसरी होती. तिने एकदा वाचलं असतं. वाचून कळलं नसतं तर जाऊबाईंचाच आवाज तेव्हा शाबूत होता, फोन करून विचारलं असतं, बाई, तुम्ही काय म्हणालात?

जाऊबाईंना सांगायला मी बरेच दिवस गेले नाही. निमित्तं शोधत राहिले. मधल्या काळात पुण्याच्या दवाखान्यातून त्यांना एक यंत्र मिळालं, टॉर्चएवढं. ते गळ्याला टेकवून बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की भुंगा गुणगुणल्यासारखा एकसुरी आवाज येतो आणि त्यात शब्द ऐकू येतात. शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना ‘एक, दोन, तीन’ म्हणायला लावलं होतं. जाऊबाईंनी ते म्हटलं नाही म्हणे. घरी येऊन गोठ्यात बसून एकट्या सराव करायच्या. पुतण्याने मला कळवलं, “काकी, या आता. आई कुणाला तरी काही तरी बोलायच्या तयारीत दिसतीय.”

गेले. जाऊबाई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, यंत्र दोरीने गळ्यात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कानाला हात लावला.

मी समोर बसले. म्हटलं, “बाई, ते गेलं.” आणि सांगितलं. रिकव्हरीचं सांगितलं, लाल पट्टीचं सांगितलं, गादी टाकायचं सांगितलं, स्किपचं सांगितलं. फोन मीच पुसला हेही. न थांबता सांगितलं, कारण थांबले असते तर जमलं नसतं. शेवटी म्हटलं, “मी एकदाही ऐकलं नाही. तुम्ही काय बोललात ते मला माहीत नाही आणि आता कधी माहीत होणार नाही.”

जाऊबाई शेंगा सोलत राहिल्या. हातातली सोलून झाली, दाणे ताटात टाकले, टरफल बाजूला ठेवलं. पदराला हात पुसले. यंत्र उचललं, गळ्याला लावलं, जागा नीट सापडेना म्हणून दोनदा हलवलं. मग तो भुंगा सुरू झाला, आणि त्यातून, कुठे चढ नाही, उतार नाही, अशा आवाजात जाऊबाई मला म्हणाल्या,

“काय न्हवतं गं त्यात. तुला शिव्या दिलत्या, चोरून फोन लावतीस म्हनून. बस हितं. परत देते.”